विश्रांतीची शपथ

तात्या, आज मी लेकीवर ओरडले. इतकी ओरडले की शेजारची बाई कुंपणाशी येऊन उभी राहिली. झालं होतं एवढंच, की मी पाण्याची कळशी उचलायला वाकले आणि लेकीनं धावत येऊन माझा हात धरला. "आई, माझी शपथ आहे तुला, उचलू नकोस." बिचारी मायेनंच म्हणाली. गेली पाच वर्षं माझी कंबर दुखतेय, ते ती रोज बघते. पण शपथ म्हटल्याबरोबर माझ्या डोक्यात तिडीक गेली. कळशी दाणकन खाली ठेवली, तोंडाला येईल ते बोलले, आणि ती रडत आत गेली. तिचा काय दोष? तो राग पंचवीस वर्षं जुना होता आणि तिच्या वाट्याला फुकटचा आला.

सध्या मी बारामतीला एका डॉक्टरीणबाईंकडे जाते. लग्न होऊन भवानीनगरला आले तरी डेअरीतलं पॅकिंगचं काम मी सोडलं नाही, इतकी वर्षं उभं राहून काढली, त्याचं हे फळ म्हणा. पहिल्या दिवशी वाटलं, ही बाई गोळी द्यायचं सोडून गप्पा काय मारतेय! झोप किती लागते, भीती कशाची वाटते, दुखायला लागल्यापासून काय काय करायचं सोडलंत. मी म्हटलं, अहो, दुखणं कमरेत आहे, तुम्ही डोक्यात काय शोधताय? दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! त्या हसल्या. म्हणाल्या, "कंबर दुखतेय हे खरंच आहे. पण दुखतंय म्हणजे आत काही मोडतंय, असं नाही. तुम्ही घाबरून अंग आवळून धरता, मग ते जास्त दुखतं, मग तुम्ही आणखी घाबरता." आणि त्यांनी मला चालायला लावलं. घड्याळ लावून आठ मिनिटं. बरं वाटत असलं तरी आठच आणि दुखत असलं तरी आठ. पुढच्या आठवड्यात दहा. बरं वाटतं त्या दिवशी चार दिवसांची कामं उपसायची नाहीत, आणि दुखतं त्या दिवशी अंथरूण धरायचं नाही. त्या बोलत होत्या आणि मला तुमची बाज दिसत होती. मला त्यांचाही राग आला. हे सांगायला तुम्ही एवढ्या उशिरा का आलात, असं विचारावंसं वाटलं. तेव्हा त्या शाळेत जात असतील, पण रागाला एवढं कुठं कळतं.

दिवाळी झाली की तुम्ही मेंढरं घेऊन कोकणाकडे निघायचात आणि पावसाच्या तोंडावर लोणी भापकरला परत यायचात. लहानपणी मी तुम्हाला वर्षातले चारच महिने पाहिलं. मग चरायला रानं उरली नाहीत, आईनं हट्ट धरला, आणि माझी दहावी झाली त्या साली तुम्ही मेंढरं विकून घरच्या तीन एकरात राबायला लागलात. एक दिवस खताचं पोतं उचलताना कमरेत जी कळ आली ती राहिलीच. शहरातल्या डॉक्टरनं फोटो उजेडात धरला आणि म्हणाला, मणक्यात गॅप आहे, विश्रांती घ्या, वाकू नका, पट्टा बांधा. परत येताना एसटीत तुम्ही मला विचारलंत, "गॅप म्हंजी काय गं? मणक्यात भोक पडलंय व्हय?" मी तेव्हा नुकतीच एमआयडीसीत डेअरीला लागले होते. अंगात निळा कोट, हातात पगार, आणि शहाणपण तर विचारू नका, उंटावरचं. मी म्हटलं, "तसंच समजा. वाकला की मोडाल." डॉक्टर मोडाल असं म्हणालाच नव्हता, तात्या. तो शब्द माझा.

त्या दिवसापासून आम्ही तुम्हाला तळहाताच्या फोडासारखं जपलं. आईनं हातातली कुदळ काढून घेतली. मी पाण्याचा तांब्यासुद्धा बाजेवर आणून द्यायचे. कुणी भेटायला आलं की दारातच सांगायचे, "तात्यांच्या मणक्यात गॅप हाय, त्यांना उठवू नका." तीन महिन्यांत तुमच्या मांड्यांच्या काटक्या झाल्या आणि कंबर पहिल्यापेक्षा जास्त दुखायला लागली. मग आम्ही काय केलं? आणखी विश्रांती. अति तिथं माती हे आम्हाला पाठ होतं, पण ते मायेलाही लागू असतं हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मग ती मेंढरं आली. दिवाळी होऊन गेली होती. इंदापूरकडचं एक बिऱ्हाड कोकणाच्या वाटेला लागलं होतं, आणि रानाला लेंडीखत मिळावं म्हणून आईनं त्यांची मेंढरं आपल्या शेतात दोन रात्री बसवली. तुम्ही बाजेवरून मान उंच करकरून तिकडे बघायचात. तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर बाज रिकामी. पट्टा उशाला पडलेला, काठी नाही, घोंगडं नाही. दिवसभर आम्ही वेड्यासारखं शोधलं. दिवस मावळताना तुम्ही दुधाच्या टेम्पोतून उतरलात, पाय धुळीनं माखलेले आणि तोंडभर हसू. "पार फुडच्या मुक्कामापतुर गेल्तो," म्हणालात, "येक डाव बी बसलो न्हाय." खाली मांडी घालून बसलात आणि तीन भाकरी खाल्ल्यात. आई फुरंगटली होती, तरी न विचारता तिनं चौथी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला कूस बदलता येईना. मला तर आयता पुरावाच मिळाला. चाललात हे चुकलं नव्हतं, तीन महिने निजून एकदम दहा मैल चाललात हे चुकलं, एवढं सांगणारं कुणी असतं तर! उद्या बांधापर्यंत जा, परवा विहिरीपर्यंत, असं कुणीतरी म्हणायला हवं होतं. आम्हाला दोनच गोष्टी ठाऊक होत्या, दहा मैल नाहीतर बाज. मी तुमचा हात ओढला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. "घ्या शपथ. परसाकडं सोडून कुठंबी जाणार न्हाय म्हणा." तुम्ही हात सोडवून घ्यायला बघत होतात. "आसली शपथ घालू नगं, पोरी." मी हात दाबून धरला. शेवटी तुम्ही भिंतीकडे बघत म्हणालात, "न्हाय जाणार."

लेकीच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली तर लेकीच्या जिवावर बेतते, हे तुम्ही मनापासून मानत होतात. मी अजिबात मानत नव्हते. तुम्ही मानता एवढं मला पुरेसं होतं. पुढे एकदाच तुम्ही विषय काढलात. मी सकाळच्या पाळीला निघाले होते, लूना सुरू होत नव्हती म्हणून चिडले होते. तुम्ही चौकटीला धरून उभे होतात. "पोरी, नुस्तं हिरीपतुर जाऊन येतो म्हंतो. शपथ सुटली म्हन की." लहान पोरं खेळताना एकमेकांची शपथ सोडवतात, तसं अगदी. मी वळूनही बघितलं नाही. "न्हाय सुटत. गप जाऊन पडा." आणि तुम्ही खरंच जाऊन पडलात. परत कधी विचारलं नाहीत. पुढची चार वर्षं तुम्ही आढ्याकडे बघत काढलीत, आणि एका दुपारी छातीत कळ येऊन गेलात. मणका शेवटपर्यंत होता तसाच होता.

मला तुमचाही राग येतो, तात्या. लांडग्यामागं काठी घेऊन धावलेला माणूस तुम्ही, आणि कालच्या पोरीपुढं नांगी टाकलीत! आई रानात गेल्यावर एखाद्या दिवशी गुपचूप विहिरीपर्यंत जायचं होतं. मी काही मेले नसते. बघा, शपथ घालणारीही मीच आणि ती पाळली म्हणून भांडणारीही मीच. आणि एवढं सगळं समजून माझी कंबर दुखायची थांबलीय का? नाही. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात, माझी मुंगी वाटेत झोपलीय बहुतेक. पण कालव्याच्या कडेनं आता मी सोळा मिनिटं चालते. पहिल्या आठवड्यात पाऊल टाकताना श्वास कोंडून धरायचे, आता धरत नाही. सोळा मिनिटांत तुम्ही विहिरीपर्यंत जाऊन परत आला असतात, हे मी रोज मनात मोजते आणि रोज चिडते.

ओरडून झाल्यावर मी आत गेले. लेक मेथी निवडत बसली होती, डोळे लाल. मी म्हटलं, "शपथ सुटली म्हण." तिनं वर बघितलंही नाही. "बरं बाई, सुटली. पण अर्धीच कळशी उचल." झालं. मेथीची एक काडी मोडायलाही याहून जास्त वेळ लागतो. मी अर्धं पाणी बादलीत ओतलं आणि उरलेली कळशी उचलून आत आणली. कंबर दुखली, पण मोडले नाही. तुम्हाला आता सुटली म्हणून काय उपयोग?

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून जे कुणाजवळ बोलले नाही ते लिहिते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं ना, भीती कशाची वाटते? पडायची, असं मी सांगितलं. पण तुम्हाला शपथ घातली त्या वेळी मला भीती तुमच्या कमरेची नव्हती. टेम्पोतून उतरताना तुमचं तोंड मी पाहिलं होतं. तुम्ही बरे झाला असतात तर परत मेंढरं घेतली असतीत आणि परत आठ-आठ महिने गेला असतात. पाळी संपवून मी घरी यायचे तेव्हा दारातूनच बाज दिसायची आणि तिच्यावर तुम्ही असायचात. मला ते आवडायचं.