बारा नव्हे, एकोणीस

एल्कबर्न
१८ नोव्हेंबर, सोमवार

आदरणीय टेस्डालसर,

तब्येत कशी आहे? थंडीत गुडघा त्रास देत असेल. इकडे मका निघाला, शेतं उघडी पडली, आणि बर्फ आज-उद्या पडेलच. तुमच्या चिठ्ठीचं उत्तर द्यायला मला नऊ वर्षं लागली, त्याबद्दल आधी माफी मागते.

१९५४ साली प्राध्यापकांची देशनिष्ठा तपासणाऱ्या समितीपुढे तुम्ही एका सहकाऱ्याचं नाव घेतलंत, ते मी माझ्या पुस्तकात पान अठ्ठ्याऐंशीवर लिहिलं. तुमचं नाव झाकून 'एक साक्षीदार, वय तेवीस' एवढंच ठेवलं आणि पुढे मोठ्या ऐटीत जोडलं, 'त्याला कुणी विचारलं नव्हतं.' तेही तुमच्याच स्वयंपाकघरात बसून, तुमची पातळ कॉफी पिऊन, दोन सँडविच खाऊन, तुमच्याच तोंडून सगळं ऐकल्यावर. तुमची चिठ्ठी एका ओळीची होती. 'सगळं बरोबर आहे, फक्त मी किती घाबरलो होतो ते राहिलं.' मी तिच्यावर तारीख टाकली आणि ती फाइलला लावली.

आता इकडची बातमी. नव्या कायद्यात शिकवायला बंदी असलेला विषय शिकवला, म्हणून आमच्या विभागातल्या डेझमंड प्रुइटवर तक्रार झाली. मागच्या गुरुवारी समिती बसली. आम्हा सगळ्यांना भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसवलं होतं.

अध्यक्षांनी तक्रार वाचली. "बारा सप्टेंबरला मिस्टर प्रुइट वर्गात असं बोलले."

डेझमंडची वकील मिसेस लिंडक्विस्ट हसलीच. "बाराला ते बाल्टिमोरला होते, आईच्या ऑपरेशनसाठी. ही विमानाची तिकिटं. संपलं ना मग?"

अध्यक्ष फाइल मिटायला लागले होते, सर. आणि मी म्हणाले, "बारा नव्हे, एकोणीस."

मला कुणीही विचारलं नव्हतं. चुकीची तारीख कानावर पडली आणि इतिहासकाराच्या वीस वर्षांच्या सवयीनं तोंड उघडलं. अध्यक्षांनी फाइल पुन्हा उघडली. "तुम्हाला खात्री आहे?" मी चक्क डायरी काढून दाखवली.

बाहेर गाड्यांपाशी डेझमंड ओरडला नाही. "अगं कोरिन, एक दिवस तरी चूक राहू द्यायचीस की," एवढंच म्हणाला.

माझ्या डायरीत ती तारीख का होती, हे लिहायचं मी अजून टाळते आहे. तो अभ्यासक्रम आम्ही दोघं वाटून घेतो. एकोणीस सप्टेंबरच्या गुरुवारची पाळी माझी होती. सरकारांनी विद्यापीठांची मुस्कटदाबी कशी केली, हा माझाच विषय, माझीच टिपणं, माझंच पान अठ्ठ्याऐंशी. सकाळी मी त्याला म्हणाले, "आजचा तास तू घे ना, दात फार ठणकतोय." दात ठणठणीत होता. भीती वाटत होती. विद्यार्थी वर्गातलं बोलणं फोनवर टिपून घेतात, हे मला माहीत होतं, तरी मी त्याला पाठवलं. आणि त्यानं हे समितीला अजून सांगितलेलं नाही.

येत्या गुरुवारी दुसरी बैठक आहे. त्यात त्याच्या नोकरीचा निकाल लागेल. मी उठून खरं सांगायचं ठरवलं आहे, पण माझा माझ्यावर भरवसा नाही. दार वाजलं तरी दचकते. ई-मेल उघडायला हात धजत नाही. अक्षर किती वेडंवाकडं आलंय ते पाहताच आहात.

म्हणून एक काम सांगते. गुरुवारी दुपारी चारपर्यंत माझा फोन आला नाही, तर हे पत्र मिसेस लिंडक्विस्टना पाठवा. पत्ता मागे लिहिला आहे. माझ्यावर दया करू नका, मी तुमच्यावर केली नव्हती.

तुमचं बरोबर होतं. ती ओळ राहून गेली होती.

आपली,
एक साक्षीदार, वय त्रेचाळीस
(नाव झाकू नका: कोरिन हास)