काचेमागचे ओठ

परदेशीपुरा, इंदूर
१२ ऑगस्ट १९९२

आदरणीय पांडुरंगदादांना धाकट्या कचरूचा सविनय जयभीम.

वहिनींचे गुडघे आता कसे आहेत? महूत तुम्ही सगळे सुखरूप असाल. आमचं विचाराल तर तुमची भावजय भीमाबाई ठणठणीत, लेक कीर्तीचा अभ्यास चालू, आणि मी पोस्टमनला भिऊन रोज मोरीत लपतो. (पोस्टमन बिचारा सज्जन आहे.)

त्याचं असं झालं. मिल बंद पडल्यावर एका नव्या कंपनीनं गेटवरच्या नोकरीसाठी बोलावलं. तिथं येणारे पाहुणे बाहेरचे, म्हणून थोडी इंग्रजी हवी. कीर्तीनं पोरगी असून मास्तरणीसारखी पंधरा दिवस माझ्याकडून वीस वाक्यं घोकून घेतली. डोक्यात एक टिकलं नाही. उलट मिलच्या साचेखात्यात, मागांच्या खडखडाटात काही ऐकू येत नसे, तेव्हा समोरच्याचे ओठ पाहून बोलणं कळायचं. ते मला कुणी शिकवलं नाही, कधी शिकलो तेही ठाऊक नाही. आता ते बंदही करता येत नाही. (समोरचा चहावाला माझ्याबद्दल काय बोलतो, ते लिहिण्यासारखं नाही.)

मुलाखतीत मला दोनदा ‘गुड मॉर्निंग’ एवढंच म्हणता आलं. मला बाहेर बसवून साहेब काचेच्या केबिनमध्ये दुसऱ्या साहेबाशी बोलू लागले. बघायचं नाही असं ठरवलं, तरी डोळ्यांनी वाचलंच: “बुड्ढा है, घबराता बहुत है. चिट्ठी भेजके मना कर देंगे.” मग बाहेर येऊन हसत म्हणाले, “घर जाओ, चिट्ठी आएगी.”

घरी मी सांगितलं, साहेब खूश होते. भीमाबाईनं गल्लीभर साखर वाटली. तेव्हापासून सायकलची घंटी वाजली की मी मोरी गाठतो. दादा, मला खरंच भीती वाटते. चिठ्ठी आली की तिला काय तोंड दाखवू?

आपला,
कचरू

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. ‘महूला तातडीचं काम आहे, कचरूला महिनाभर पाठव’ असं पत्र भीमाबाईच्या नावे टाका. चिठ्ठी येईल तेव्हा मी घरात नको.

ता. क. २. ते पत्र टाकू नका. लिहिताना शब्दागणिक माझे ओठ हलतात, हे मला पन्नाशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. आत्ता मान वर केली, तर भीमाबाई समोर तांदूळ निवडत माझ्याकडेच बघतेय. मिलच्या सवयीनं मी घरीही आवाज न करता बोलायचो. तीस वर्षं समोर बसून जेवता जेवता तीही शिकली असणार. आवाज न करताच म्हणाली, “चिठ्ठी सोमवारीच आली, तुम्ही मोरीत होते तेव्हा. घाबरून जाल म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवली. चला, जेवून घ्या.”