चारशेचा माउस आणि शिवांगीची दिवाळी

३ ऑक्टोबर, शुक्रवार

लिहायला बसले, कारण माउस मी धुतला आणि हे कुणाला सांगण्यासारखं नाही.

कॉम्प्युटरचा माउस. चिवड्याच्या तेलानं इतका चिकट झाला होता की बोट लावावंसं वाटेना. भांड्यांच्या साबणानं घासला, खळबळून घेतला, वायरीला चिमटा लावून दोरीवर टाकला. स्वच्छ झाला. मेलाही!

दुपारी आमचे हणमंतराव कॉम्प्युटरवर खेळायला बसले. हलवला, आपटला, उलटा करून फुंकर मारली. पस्तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काढली माणसानं, म्हणून पोटाखालचा लाल दिवाही तपासला. मग म्हणाले, "गेला हा. लई गुणाचा होता."

मी म्हटलं, "जुना झाला असेल." आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले. आवाजही बदलला नाही. याचंच जास्त वाईट वाटलं.

४ ऑक्टोबर, शनिवार

प्रकरण साधं नाही. पुण्याहून शिवांगीचा फोन. आमच्या लेकीची, दीपमालेची मुलगी; आमची एकुलती एक नात. आई-बापाला यंदा रजा नाही, ती एकटीच येणार, तीही मोजक्या दिवसांसाठी. एकाच घरी. देवणीला आमच्याकडे, की हदगावला लक्ष्मणराव व्याह्यांकडे? दोन्ही आजोबा फोनवर इतके भांडले की पोरीनं निकाल देऊन टाकला — "पुढच्या शनिवारी दोघं खेळा. तीन डाव. जो जिंकेल त्याच्या घरी माझी दिवाळी!"

बंदुकीचा खेळ. दोघांनाही तिनंच शिकवलाय. एकजण सदुसष्ट, दुसरे सत्तर. एरवी पायरी उतरताना कठडा धरतात.

आणि आमच्याकडे माउस नाही. माझ्यामुळे.

५ ऑक्टोबर, रविवार

वाचन केलं. नांदेडला बी.एस्सी. केलं तेव्हा कॉम्प्युटर फोटोत पाहिला होता, पण गणित ते गणित. डीपीआय म्हणजे हात बोटभर सरकला तर पडद्यावर बाण किती पळेल ते. पंधरा हजार डीपीआयवाला महाग. ह्यांना काय करायचाय पंधरा हजार? बाण भिंत फोडून शेजारी जाईल. सोळाशे पुरे. बाजूला अंगठ्याजवळ दोन बटणं हवीत. वजन शंभर ग्रॅमच्या आत. वायर हवी. बिनवायरीचा उशीखाली हरवतो आणि ऐन वेळी चार्ज नसतो.

ह्यांचं मत: "दाव्याला बांधलेलंच बरं." दोघांचं एकमत! तारीख मुद्दाम नोंदवते.

६ ऑक्टोबर, सोमवार

उदगीरला जाऊन आलो. पंचाक्षरीचं कॉम्प्युटरचं दुकान. त्याचे वडील मलप्पा कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेले. ऐंशीच्या घरात. देवणीच्या बैलबाजारात जन्मभर दलाली केली, आता मुलाच्या दुकानात करमणूक.

पंचाक्षरीनं सात माउस मांडले. एक तर असा, लाल-हिरवा-निळा, वरातीच्या गाडीसारखा! ह्यांचा जीव तिथेच अडकला. मी प्रत्येक हातात घेऊन पाहिला, बटण दाबून पाहिलं, काचेवर फिरवला. हणमंतराव तर एकेकाच्या पाठीवरून हात फिरवत होते. कोपऱ्यातून मलप्पा, "खांद्यात भरलेला घ्या, रावसाब. हडकुळा टिकत न्हाई."

काळा, विनादिव्यांचा मला पटला. किंमत साडेसहाशे. मी चारशे म्हटलं. पंचाक्षरी म्हणाला, "न्हाई परवडत, मॅडम. फिक्स रेट हाय."

मलप्पा उठले. खांद्यावरचा टॉवेल पसरला. "तू गप रे. या अक्का. बसा."

बैलबाजाराची रीत मला ऐकून ठाऊक. रुमालाखाली हात धरायचा, बोटं दाबून भाव करायचा, बोटाला शंभर, तोंडानं आकडा काढायचा नाही. ह्यांना पुढे केलं असतं तर पूर्ण पंजा देऊन आले असते. मीच हात घातला. त्यांनी माझी पाच बोटं धरली. मी त्यांची तीन. त्यांनी पाच. मी चार, आणि अशी आवळली की म्हातारा हसलाच. "झाला सौदा!"

मग त्यांनी दोन खोकी पुढे ठेवली.

"हे काय? मला एक हवाय."

"अक्का, रुमालाखाली भाव जोडीचा असतो. चार नगाला, नग दोन. एका बैलानं औत चालतंय का?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. म्हटलं, आता नवरा माझ्या बाजूनं बोलेल. तर हे मान डोलावत — "बरोबर हाय त्यांचं. हात सोडला की सौदा मोडत न्हाईत. बाजारात तोंड कसं दाखवावं?"

कुठला बाजार! सगळं उदगीर बघत असल्यासारखे बोलत होते. आठशे मोजले.

शिवाय हेडफोन. माईक बंद करायचं बटण असलेला दीडशेनं महाग होता. बिनबटणाचा घेतला. चारचौघांत ऐकू जाईल असंच बोलावं माणसानं. माउसखालचं पॅड मात्र घेऊ दिलं नाही. घरी जुनं रेक्झिन आहे.

७ ऑक्टोबर, मंगळवार

रेक्झिनवर माउस चालत नाही. बाण थरथरतो. शाळेच्या जुन्या रजिस्टरचा पुठ्ठा कापून दिला. उत्तम.

ह्यांचा सराव सकाळी सहापासून. बाजूचं बटण सापडल्यापासून प्रत्येक गोळीला "ह्या!" असं ओरडतात. शेजारची ज्ञानेश्वरी विचारायला आली, बैल सुटला काय म्हणून.

८ ऑक्टोबर, बुधवार

आज शिवांगी फोनवर हसत सांगत होती — हदगावचे आजोबा लॅपटॉपच्या पाटीवर बोट घासून खेळतात. माउस नाहीच. "बोटाला फोड आलीय आजी, तरी ऐकत नाहीत!"

ह्यांनी ऐकलं आणि चेहरा उजळला. "मंग तर दिवाळी आपलीच!"

कपाटात दुसरा माउस आहे. नवा. खोक्यात.

मला शिवांगी इथे हवी आहे. कागदालाच सांगते. दोन वर्षं झाली तिला जेवायला वाढून. करंज्यांचं सारण कमी गोड लागतं तिला, ते मी परवाच ठरवून ठेवलं.

जेवण गेलं नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

एकतीस वर्षं शाळेत पर्यवेक्षण केलं. परीक्षेला एखादी मुलगी पेनाशिवाय आली तर स्वतःचा पेन दिला. ती कुणाची, हे विचारलं नाही.

सकाळी दुसरा माउस हदगावला पाठवला. उदगीरहून कुरिअर. उद्या पोचतो म्हणाले. तसाच कापलेला दुसरा पुठ्ठाही सोबत घातला. तोही समान हवा.

घरी येऊन सांगितलं. लपवायचं एकच पुरे.

हणमंतराव खुर्चीतून उठले. "शत्रूला बंदूक धाडली? अन् वर पुठ्ठा?"

"फोड आलेल्या माणसाला हरवून नात आणणार होतात?"

"हाव! आणणार होतो!"

मग अबोला.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

हदगावहून फोन. लक्ष्मणराव व्याही ओरडूनच बोलतात. "विहीणबाई, काय करून राहिले हो तुमी! असं कोणी करते काय? लई भारी हाय!" मागून गुणाबाई विहीणबाईंचा आवाज — "कशाला पाठवलं ते बाई, आता जेवायला उठणार न्हाईत."

अबोला चालू. चहा मात्र मागतात. खुणेनं.

११ ऑक्टोबर, शनिवार

हरलो.

पहिला डाव आपला. दुसरा हदगावचा. तिसऱ्यात दोघंही म्हातारे लपून बसले. अकरा मिनिटं! कुणी हलेना. शिवांगी पुण्याहून कळवळून सांगत होती, "अहो आजोबा, कुणीतरी बाहेर या, मला क्लासला जायचंय!"

मी चहा घेऊन गेले. विचारलं, कुठे ठेवू?

हणमंतराव माझ्याशी बोलले. दोन दिवसांनी! "हितंच ठेवा. उठता येत न्हाई. पाण्याच्या टाकीमागं दडून बसलोय."

हेडफोनवर. माईक बंद करायचं बटण नसलेल्या.

तीन सेकंदांत लक्ष्मणराव टाकीमागे. धडाम!

हेडफोनमधून माझ्यापर्यंत आवाज आला, "चहा घ्या व्याही, गार व्हते."

१२ ऑक्टोबर, रविवार

रात्रभर हिशेब केला. माउस मी मारला. दुसरा मी शत्रूला दिला. हेडफोन मी निवडला. नात माझ्यामुळे गेली. सकाळी ह्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "जुना माउस मी धुतला होता."

"म्हाईत हाय."

"कसं?"

"दोरीवर टांगला होता तुमी. माझ्या बनियनीशेजारी."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

पेपर उघडला त्यांनी. "एकेचाळीस साल झाले लग्नाला. तुमी कवा चुकता, त्याची वाट बघून ऱ्हायलो होतो. लगेच बोललो असतो तर मजा संपली असती."

मी स्वयंपाकघरात जाऊन हसले. दार लावून.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

शिवांगी हदगावला पोचली. फोटो आला. करंज्या करायच्या नाहीत असं ठरवलं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

केल्या. दोघांपुरत्या. हणमंतराव म्हणाले, लई गोड झाल्या.

१९ ऑक्टोबर, रविवार

दुपारी चार वाजता देवणी बसस्थानकावर, हदगावहून आलेलं खालीलप्रमाणे ताब्यात घेतलं: शिवांगी, एक. लक्ष्मणराव व्याही, एक. लॅपटॉप, एक. लाडवांचा डबा, एक. गुणाबाईंची चिठ्ठी, एक — "विहीणबाई, तीन दिवस आजा-नात त्या यंत्रावरून उठली नाहीत. दिवे मी लावायचे, रांगोळी मी काढायची, ताटं मी उचलायची. मी माहेरी बिलोलीला चालले. तुम्ही शाळा चालवली आहे, तुम्हाला जमेल. लाडू मोजून द्यावेत."

पोच फोनवर दिली: सर्व सुस्थितीत मिळालं. भाऊबीजेनंतर यातला एकच नग परत पाठवीन; नात नव्हे. लक्ष्मणरावांनी पिशवी भरून ठेवावी.