पिकल्या केसांची दुलारी

सालेकसा, २ फेब्रुवारी १९३६

चि. दुलारीस टेकचंददादाचे अनेक आशीर्वाद.

मायचा खोकला कमी झाला, वाचून बरे वाटले. सोमवारी आमगावचे पाहुणे तुला पाहायला केशोरीला येतील. मुलगा जियालाल, घरची धानाची शेती, स्वभाव शांत. मागे दोन ठिकाणच्या लोकांनी तुझे पांढरे केस पाहून पाणीही घेतले नाही, म्हणून आपल्या गावच्या बिसरामच्या हाती कलप पाठवत आहे. माय लावून देईल. लग्न होऊ दे, मग मी समजावीन. हट्ट करू नकोस.

तुझ्या काळजीत असलेला,
टेकचंद

केशोरी, १२ फेब्रुवारी

तीर्थरूप दादास दुलारीचा शिरसाष्टांग नमस्कार.

रागावू नका, मी कलप लावू दिला नाही. आपल्या दोघांचेही केस बाबूजींसारखे विशीतच पिकले. तुम्हाला पाहून लोक खुर्ची देतात, मला पाहून बिमारी विचारतात. जियालालच्या आईने तर सरळच विचारले की पोरगी अशी म्हातारीवानी काऊन दिसते. मग मीच सांगितले की बिमारी नाही, केस बाबूजींवर गेलेत; धानाच्या रोवणीत दिवसभर वाकून राहते मी. बाई तडक उठल्या. जियालाल तेवढा थांबला आणि म्हणाला की खरं बोललीस, चांगलं केलंस. पण गेला तोही. माय धड जेवत नाही. सवड काढून या.

तुमची हट्टी बहीण,
दुलारी

सालेकसा, २० फेब्रुवारी

चि. दुलारीस अनेक आशीर्वाद.

केशोरीला येण्याआधी आमगावला जाऊन आलो. जियालालच्या आईने मला पाहताच अदबीने खाट टाकली. मुलीचे काका का, म्हणून विचारले. सख्खा भाऊ, वय सव्वीस, असे सांगितल्यावर त्या बघतच राहिल्या. तेव्हा जियालाल बोलला की माय, याले खाट टाकून देलीस, मंग तिले काऊन नाही? त्या बराच वेळ तांदूळ निवडत बसल्या. शेवटी म्हणाल्या की लग्न वैशाखात जमते का, पाहा.

मायला आधी जेवायला बसव, मग हे वाचून दाखव.

तुझाच,
दादा

आमगाव, ६ मार्च १९३७

तीर्थरूप दादास शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही खुशाल. सासूबाई अजून पाहुण्यांसमोर माझा पदर पुढे ओढतात, पण आता टोचून बोलत नाहीत. काल आम्ही गोंदियाला जायला फलाटावर उभे होतो. एका बाईने, आजी, बसा, म्हणत बाकावर जागा दिली. हे भांडायलाच निघाले, मी मात्र हात धरून यांना थांबवले आणि बसले. मग बाईची नजर माझ्या पोटाकडे गेली. तिचा चेहरा पाहायला तुम्ही हवे होते! पाय फार दुखत होते, दादा. पाचवा महिना आहे. मायला तुम्हीच सांगा, मला लाज वाटते.

आहे तशीच माया राहू द्या.
दुलारी