कवीला कोणत्या युगात बसवायचं?

वर्धा,
१५ सप्टेंबर २०२५

प्रिय मिहिरदादा,

साष्टांग तुला आवडत नाही, म्हणून नुसताच नमस्कार. फोनवर आईचं नाव निघालं की तुझी रेंज जाते, तेव्हा हा कागद. आम्ही दोघी बऱ्या आहोत.

सध्या एम.ए.ला एक जुनं इटालियन काव्य शिकवतेय. जिवंत माणूस नरक बघायला जातो, ते. परीक्षेत हमखास प्रश्न: हे मध्ययुगातलं की प्रबोधनकाळातलं? मी फळ्यावर ठणकावून लिहिलं, मध्ययुगीन. पाप, शिक्षा, पायऱ्या, सगळं धर्मानं आखून दिलेलं. तर हिंगणीची मयुरी उठली. "पण मॅडम, तो तं भेटल त्याले नाव-गाव इचारून राह्यला. देवानं देल्ली शिक्षा मान्य हाये, तं मंग रडते काऊन?"

मी ते पुसून 'प्रबोधन' लिहिलं. मग तेही पुसलं. पोरी हसल्या. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. एकाच दिवसात दोनदा दूध उतू घालवलं.

काल अष्टमी होती. बाबांची तिथी. त्यांनी देहदान केलं, विधी नको म्हणाले, ते तू पाळलंस. मीही त्याच मताची. पण निदान एक पान वाढू दे म्हणणाऱ्या आईला तू चार लोकांत अडाणी म्हणालास, आणि त्यानंतर घरी आला नाहीस.

काल तिनं मला न विचारता गच्चीवर पान ठेवलं. वडे, खीर, गवारीची भाजी. कावळा कठड्यावर बसलेला, पण शिवेना. "तुह्या बाबाचा जीव अडकला हाये कशात तरी," आई म्हणाली. ऊन चढलं तरी ती पदर डोक्यावर घेऊन उभीच. मला ते बघवेना. आणि दादा, अंधश्रद्धेवर भाषणं ठोकणारी मी हात जोडून मोठ्यानं बोलले, "दादाले घरी आणीन मी, बाबा. आईसंगं बोलाले लावीन."

कावळ्यानं वडा उचलला. योगायोग, मलाही कळतं. पण आई कित्येक महिन्यांनी पोटभर जेवली, आणि आज तिनं तुझी गादी उन्हात घातलीय.

मी कोणत्या युगातली ते तू ठरव, मला जमत नाही. रविवारी सर्वपित्री अमावास्या आहे. हात जोडू नकोस, काही करू नकोस. फक्त तिच्यासमोर बस आणि आई म्हण. तू नाही आलास तर कावळा मला जाब विचारणार नाही. आईही विचारणार नाही. ती गादी मुकाट्यानं आत नेऊन ठेवेल, आणि ते मला बघायचं नाही रे.

तुझ्या नावानं शब्द देऊन बसलेली,
चारुता