जिभेखालची बी

२ सप्टेंबर, सोमवार
पाळक इओसिफ घरी येऊन गेले. सुगीच्या उपकारस्मरणाचं प्रवचन यंदा मी करायचं. तीन गावांच्या बाप्टिस्ट मंडळ्या येणार. विषय: पवित्र आत्म्याची चमत्कारी दानं आजही चालू आहेत का? उत्तर: नाहीत. आत्म्याच्या भरात कधी न शिकलेल्या अन्य भाषा बोलणं, भविष्य सांगणं, हात ठेवून रोगी बरे करणं, सगळं प्रेषितांबरोबर आटपलं. पाळक म्हणाले, बंधू तेओफिल, तुमच्याइतकं तोलून बोलणारा आपल्यात दुसरा नाही. खरंच आहे. जन्मभर धान्याच्या गोदामात वजनकाट्यावर बसलो.
प्रवचनाची गरजही आहे. रस्त्यापलीकडच्या जुन्या गुरांच्या दवाखान्यात पेंटेकॉस्टलांनी, ही दानं अजून चालू आहेत म्हणणाऱ्यांनी, सभागृह थाटलंय. गुरं होती तेव्हा आवाज कमी होता.
बायको, साविना, तशीच. ईस्टरनंतर पक्षाघाताचा झटका आला, तेव्हापासून तोंडातून शब्द नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असते. पूर्वी तिच्या बडबडीने डोकं उठायचं. आता घर खायला उठतं.
संकल्प: रोज प्रवचनाचं एक पान. रागावर ताबा. साविनाला सूप मी स्वतः भरवणार.

५ सप्टेंबर, गुरुवार
पान झालं नाही. हिवाळ्याच्या चटणीसाठी मिरच्या भाजत होतो. साविना दर वर्षी करायची, म्हणून. भाजता भाजता माझ्या तोंडातून काहीतरी निघालं. शब्दच होते, पण रोमानियन नव्हेत. हंगेरियनही नव्हेत, हंगेरियन मला शिव्यांपुरती येते.
साविनाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.
कारण: मिरच्यांचा ठसका. मलाही आणि तिलाही.
ते शब्द इथे लिहिणार नाही. लिहिले की त्यांना मान दिल्यासारखं होतं.

८ सप्टेंबर, रविवार
उपासनेत पाळकांनी मला मोठ्याने प्रार्थना करायला उठवलं. घसा धरलाय अशी खूण केली. घसा ठणठणीत होता. गीत चालू असतानाच ते परत दातांपर्यंत आलं होतं.
दुपारी वेटुत्सा आली. माझी सख्खी धाकटी बहीण, पण रस्त्यापलीकडच्या मंडळीत गेली. तिला मंडळीतून काढायचा ठराव मीच मांडला होता. तरी येते, वहिनीचे केस विंचरते. म्हणाली, दादा, तोंड का असं उतरलंय, भूत बघितलंस की काय? म्हटलं, आमच्यात भुतंबितं नसतात. म्हणाली, हो रे बाबा, तुमच्यात काहीच नसतं.
उद्यापासून तिच्याशी कामापुरतंच बोलणार.

१२ सप्टेंबर, गुरुवार
सकाळी दाढी करत होतो. आरशात माझे ओठ हलत होते. मी हलवत नव्हतो. माझ्या मागे उभं राहून कुणीतरी माझं तोंड वापरतंय असं वाटलं. वळून पाहिलं, टॉवेल होता. हनुवटी कापली.
तेवढ्यात खोलीतून साविनाचं हसू ऐकू आलं. धावलो. तिने माझ्या साबण लागलेल्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, फिलुत्स.
लग्नाआधी मला ती या नावाने हाक मारायची. दुसरं कुणीच नाही. तिच्या पलंगाशी बसून रडलो.
नंतर डोकं ताळ्यावर आलं. गोळ्यांचा गुण! डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, गोळ्या त्याच आहेत, आणि त्यांनी बोलणं येत नसतं. हल्ली डॉक्टरांचं शिक्षण कच्चं असतं.

१७ सप्टेंबर, मंगळवार
घात झाला. साविनाचा हात हातात घेऊन बसलो होतो. ते आलं आणि थांबेचना. साविना लहान मुलीसारखी ऐकत होती. चांगला हात घट्ट धरलेला. मध्येच पाणी म्हणाली, स्पष्ट. वळून बघतो तर दारात वेटुत्सा, हातात पातेलं.
वाटलं, आता ही नाचेल, गावभर करेल. तर ती रडायलाच लागली. म्हणाली, दादा, तुझ्या पाया पडते, थांबवू नकोस. वहिनी परत येतेय रे. मी ओरडलो, खोकला होता तो! म्हणाली, असला खोकला मला झाला तर मी औषध घ्यायची नाही.
हाकलून दिली. पातेलं ठेवून गेली.
मंडळीतल्या भावांना कळलं तर माझ्यावरही तोच ठराव येईल. मसुदा माझाच आहे, आणि त्यात एक पळवाट ठेवलेली नाही.
उपाय सापडला: आलुबुखारची बी जिभेखाली धरायची. जीभ गुंतून राहते.

२१ सप्टेंबर, शनिवार
बी उत्तम चालते. शब्द वर येतात, बीवर आपटतात, परत जातात. प्रवचनाची बरीच पानं झाली.
साविना सकाळी माझ्या तोंडाकडे बघत राहते. वाट बघते. मग भिंतीकडे वळते. मला ते बघवत नाही, म्हणून मी स्वयंपाकघरात लिहायला बसतो.
पक्कं ठरवलं: प्रवचन झालं की त्याच दुपारी खिडक्या लावून घ्यायच्या, आणि तिच्यासाठी मनसोक्त बोलू द्यायचं. थोड्या दिवसांचा तर प्रश्न. देवालाही एवढा दम धरता येईल.

६ ऑक्टोबर, रविवार
प्रवचन! व्यासपीठाखाली भोपळे, द्राक्षं, पीळदार मोठा पाव. बसायला जागा नाही. प्रेषित गेले आणि भाषा मिटल्या, या वाक्याला मी आलो आणि ते उसळलं. यापूर्वी कधी नाही इतक्या जोरात, थेट पोटातून. डोळ्यांतून घळाघळा पाणी. व्यासपीठ दोन्ही हातांनी धरलं, ओठ मिटले आणि गिळलं. बीसकट.
मंडळीला वाटलं, मी भारावलो. केवढ्याने आमेन म्हणाले!
आत एकदम सामसूम झाली.
दुपारी खिडक्या लावल्या. साविनाचा हात धरला. तोंड उघडलं. काही नाही. दमलोय. उद्या येईल.

९ ऑक्टोबर, बुधवार
आलं नाही. कारण नसताना मिरच्या भाजल्या. दोनदा दाढी केली. आरशात फक्त मी.

१३ ऑक्टोबर, रविवार
गुरांच्या दवाखान्यात गेलो. मागच्या बाकावर बसणार होतो, वेटुत्साने हाताला धरून पुढे नेलं. बाप्यांनी रिवाजाप्रमाणे गालांची चुंबनं घेतली. दाढ्या टोचल्या. मी गुडघ्यांवर, डोक्यावर वेटुत्साचा हात. आजूबाजूला सगळे अन्य भाषांत बोलत होते, रडत होते, गात होते. त्या दवाखान्यात गप्प होतो तो मी एकटा.
परत येताना वेटुत्साने एकही टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं वाटलं असतं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार
आज मनाने रचून बोललो. तसेच आवाज, तशीच लय, जेवढी आठवत होती तेवढी. साविना वळली! माझ्या तोंडाकडे बघत थोडा वेळ ऐकत राहिली. मग चांगला हात उचलून तिने माझ्या ओठांवर ठेवला, हळूच, आणि मला गप्प केलं. मग भिंतीकडे वळली.
ही सगळी वही उलटून पाहिली. त्या भाषेतला एक शब्द जरी मिळाला असता. एकही लिहिलेला नाही.
संध्याकाळी पाळकांचा फोन आला. प्रवचन छापायचं ठरलंय. म्हणाले, शेवटी स्वतःच्या अनुभवाचं एक वाक्य घाला, लोकांना पटतं. घातलं: चमत्कारी दानं बंद झाली आहेत, याची मी स्वतः खात्री करून घेतली आहे.