हुंकाराची जागा

ता. ११ मार्च १९१२, जव्हार

शिरस्तेदार आज कडाडले! देवीच्या लशीचा मोडी हुकूम मी बालबोधीत उतरवला आणि छापील पुस्तकासारखे स्वल्पविराम, पूर्णविराम घातले. "कागदावर माश्या बसल्या की काय? आमच्या आजोबांनी बोरू न उचलता पानंच्या पानं लिहिली — अडलं का कुणाचं?"

नसेल अडलं. मोडीत शब्दसुद्धा सुटे नसतात. पोथीत फार तर ओळीअखेरचा उभा दंड. बाकीची पिलावळ साहेबाच्या छापखान्यातून आली. मला मात्र आवडते बुवा!

ता. १४ मार्च

साखरशेत गावात जाऊन तो लशीचा हुकूम वाचला. घडाघडा वाचत सुटलो, तर म्हातारी सुकरी मध्येच म्हणाली, "सायब, तू थांबतच नाय. आमी हं कवा म्हनू?"

इथली रीतच ती. गोष्ट असो की निरोप, ऐकणाऱ्यानं मध्ये मध्ये हं म्हणायचं. हं म्हटलं नाही तर ऐकलंच नाही. आणि म्हटलं की शब्द दिला! पुन्हा वाचलं, थांबत थांबत. पोरं टोचून घ्यायला आली. चक्क रांग!

ता. १५ मार्च

मासिकात वाचलं — फार पूर्वी ग्रीक लोक वाचणाऱ्याच्या दमासाठी ओळीत ठिपके देत. म्हणजे चिन्हं मुळात आवाजाची. मग ठिपका आधी, की सुकरीचा हं? मला वाटतं, हं. शिरस्तेदारांना सांगावं म्हटलं. नको, पुन्हा माश्या निघतील.

ता. २ एप्रिल

नवा हुकूम. साखरशेतच्या उतारावर यंदा नाचणी पेरायची नाही, रान राखायचं. वाचायला मीच. "वाचले, ऐकले" असा शेरा मारून सही केली की हुकूम लागू. खातील काय ती माणसं?

ता. ४ एप्रिल

वाचला. पहिल्या वाक्याला थांबलो — गप्प. दुसऱ्याला थांबलो — गप्प. सगळा गाव समोर बसलेला, आणि एक हं नाही! तसाच शेवटपर्यंत वाचला. शेवटी सुकरीचा लेक ढवळू उठला. "तू वाचलास. आमी काय ऐकला नाय." त्यानंच मला पाणी दिलं.

ता. ५ एप्रिल

शेरा लिहिला, "वाचले. ऐकले नाही." शिरस्तेदारांनी कागद परत सरकवला. हळू आवाजात म्हणाले, "शेवटचा शब्द खोड. बायकोपोरं आहेत तुला."

खोडला नाही. भीती वाटते. उद्यापासून कचेरीत यायचं नाही, असं संध्याकाळी सांगण्यात आलं.